वाहतूक दंड थकल्याने निघालेले अटक वॉरंट

थकलेला वाहतूक दंड भरला की त्यासाठी निघालेले अटक वॉरंट आपोआप संपते, असा समज धर्मग्रामांत आढळतो. तो बरोबर नाही, हे आम्ही भाविकांच्या निदर्शनास आणू इच्छितो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार, ज्या न्यायालयाने वॉरंट काढले त्याने ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते अमलात राहते.

म्हणून वॉरंटवरील न्यायालयाचे नाव व खटला क्रमांक टिपून घ्यावा. त्याच न्यायालयात वकिलासह हजर राहून, गैरहजेरीचे खरे कारण सांगून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. वॉरंट जामीनपात्र असल्यास जामिनाची रक्कम त्यावरच नमूद असते; तसा जामीन दिल्यास पोलीस कोठडी टळते. दंडाची पावती व न्यायालयाच्या आदेशाची प्रत जपून ठेवावी.

महिला, अपंग, औद्योगिक कामगार व अल्प उत्पन्न असलेल्यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

न्यायाधीशापुढे जाण्याआधी वाटेतच समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (लूक १२:५८). समन्स हाती येताच न्यायालयात हजर राहणे, हेच त्या शिकवणीचे पालन होय, असे आम्हांस वाटते.