टॉन्सिल, संमतीपत्र आणि ससूनमधील १९२४ ची एक रात्र

१/
गेल्या हिवाळ्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, माझे टॉन्सिल काढले. आदल्या संध्याकाळी परिचारिकेने पुढ्यात एक कागद ठेवला: संमतीपत्र. लहान मुलाच्या वेळी त्यावर आईवडील सही करतात. प्रौढाला ती स्वतः करावी लागते. हा कागद कधीपासून आणि कोणासाठी अस्तित्वात आला, हे शोधताना मी माझ्याच तालुक्यात, मुळशीत येऊन पोहोचले. आजचा धागा त्या शोधाचा आहे.

२/
आधी टॉन्सिलविषयी. या ग्रंथी कापण्याची कल्पना आधुनिक नाही. सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांमध्ये 'तुंडिकेरी' येते. अभ्यासक तिचा संबंध टॉन्सिलच्या सुजेशी जोडतात. तिच्यावरील शस्त्रकर्म पडजिभेच्या, म्हणजे 'गलशुंडिके'च्या पद्धतीने करावे, असे संहिता सांगते. चिमटीत धरून ओढायचे आणि मंडलाग्र शस्त्राने छेद घ्यायचा. फार कापले तर रक्तस्रावाने रोगी दगावतो, कमी कापले तर सूज उरते, असा इशाराही तिथेच आहे.

३/
हा रक्तस्रावाचा इशारा आजही लागू आहे. टॉन्सिल काढल्यावर घशातील जखम सहसा शिवत नाहीत, ती उघडीच भरून येते. तिच्यावर पांढुरका थर धरतो आणि काही दिवसांनी तो सुटू लागतो. या काळात रक्तस्राव होऊ शकतो. मोठ्या वयात वेदना जास्त होतात आणि बरे व्हायला साधारण दोन आठवडे जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी तर अनेक प्रौढांचे टॉन्सिल खुर्चीत बसवून, केवळ घसा बधिर करून काढले जात.

४/
मग प्रौढाने हे का करावे? ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रिया केलेल्यांचे घसादुखीचे दिवस दोन वर्षांत कमी भरले. फायदा आहे आणि धोकाही आहे. बहुतेक वेळा ही शस्त्रक्रिया टाळता येते, लांबवता येते किंवा करताही येते. म्हणून निर्णय रुग्णाचा असतो, आणि म्हणून सही लागते.

५/
आपल्याकडे या सहीचा कायदेशीर पाया १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. कलम ८८ नुसार, एखाद्याच्या हितासाठी, सद्‌हेतूने आणि त्याच्या संमतीने केलेली कृती त्याला इजा झाली तरी गुन्हा ठरत नाही, मात्र मृत्यू घडवण्याचा हेतू असता कामा नये. कायदाकर्त्यांनी तिथे दिलेले उदाहरण शस्त्रवैद्याचेच आहे. कलम ८९ बारा वर्षांखालील मुलांच्या संमतीचा अधिकार पालकांना देते. आजच्या भारतीय न्याय संहितेतही ही तत्त्वे जवळपास तशीच आली आहेत.

६/
त्याच संहितेचे कलम ९० याहून महत्त्वाचे आहे. भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे ते सांगते. म्हणजे परकीय सरकारच्या कायद्यानेही हे मान्य केले होते की माणसाच्या शरीराला हात लावण्याआधी त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर मोकळेपणाने आलेले असावे. हे कलम ध्यानात ठेवा, पुढे ते लागेल.

७/
आता १८९४ कडे येऊ. त्या एका वर्षी दोन कायदे झाले: भूसंपादन कायदा आणि तुरुंग कायदा. पहिल्याने सरकारला सार्वजनिक हिताच्या नावाखाली, प्रसंगी एखाद्या कंपनीसाठीही, मालकाच्या मर्जीविरुद्ध जमीन घेता आली. दुसऱ्याने तुरुंगाधिकाऱ्याला कैद्याला तीसपर्यंत फटके मारण्याची शिक्षा देता आली. या दोन्ही ठिकाणी समोरच्याच्या संमतीची गरज नव्हती.

८/
आमचे माले हे गाव पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या खोऱ्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह आरंभला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, वासुदेव विठ्ठल दास्ताने, शंकरराव देव ही नेत्यांतील ठळक नावे. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली.

९/
त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीविषयी लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: टाटांनी कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे आणि त्यांना पटवावे. एकाही गरीब माणसाच्या मर्जीविरुद्ध होणार असेल, तर योजनेच्या साऱ्या लाभांचे मोल काय? त्यांचा आक्षेप विजेवर नव्हता, न विचारण्यावर होता.

१०/
लढा लांबला तशा अटका वाढल्या आणि अनेक सत्याग्रही येरवडा तुरुंगात गेले. स्वतः गांधीजीही राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन मार्च १९२२ मध्ये तिथेच आले. मुळशीचे शेतकरी आणि त्यांची बाजू घेणारा संपादक आता एकाच भिंतीआड होते, पण एकमेकांना भेटण्याची मुभा त्यांना नव्हती.

११/
तुरुंगात ठरवून दिलेले काम पुरे केले नाही म्हणून मुळशीच्या काही कैद्यांना फटक्यांची शिक्षा झाली. तिचा निषेध म्हणून उपोषण सुरू झाले. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांनी कैद्यांना भेटण्याची परवानगी मागितली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर त्यांना दास्ताने आणि देव यांना भेटता आले. सत्याग्रही कैद्याने तुरुंगाची वाजवी शिस्त पाळावी, असे त्यांचे मत होते. त्यांच्या समजावण्यावरून उपोषण सुटले. सुटकेनंतर गांधीजींनी आपल्या तुरुंगानुभवांत हा प्रसंग स्वतः नोंदवला.

१२/
इथे तुरुंग कायद्यातील एक तरतूद पाहण्यासारखी आहे. फटके मारण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्याने कैद्याला तपासायचे आणि तो शिक्षा सोसण्यास योग्य आहे, असा शेरा शिक्षेच्या नोंदवहीत लिहायचा. म्हणजे इथेही डॉक्टर होता, तपासणी होती, कागद होता आणि लेखी शेराही होता. फक्त ज्याच्या पाठीमागे वेत उगारला जाणार होता, त्याला कोणी काही विचारत नव्हते.

१३/
जानेवारी १९२४. येरवड्यात गांधीजींना पोटदुखी आणि ताप सुरू झाला. पुण्याचे सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासून निदान केले: अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छाची सूज. टॉन्सिल आणि अपेंडिक्स या दोन अवयवांचे नशीब त्या काळी सारखेच होते. दोन्ही निरुपयोगी मानले जात आणि दोन्ही काढून टाकण्याकडे कल असे. फरक इतकाच की सुजलेले अपेंडिक्स वाट पाहत नाही. १२ जानेवारीच्या संध्याकाळी कैद्याला ससून रुग्णालयात हलवण्यात आले.

१४/
त्या काळाचा धोका ध्यानात घ्या. अपेंडिक्सच्या दुखण्याने १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना पुढे ढकलावा लागला होता. पेनिसिलीनचा शोध लागायला १९२४ मध्ये अजून चार वर्षे होती आणि औषध म्हणून ते मिळायला त्याहून कितीतरी जास्त. अपेंडिक्स पोटात फुटले तर जंतुसंसर्गावर हमखास उपाय नव्हता. रुग्ण ५४ वर्षांचा होता आणि तोही अशक्त.

१५/
मॅडॉक यांनी गांधीजींना त्यांच्या विश्वासातील डॉक्टरांना बोलावण्याची मोकळीक दिली. मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांची नावे निघाली, पण त्यांची वाट पाहणे धोक्याचे होते. पुण्यातील डॉ. फाटक आले. भारत सेवक समाजाचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनाही बोलावण्यात आले. शास्त्री नेमस्त होते, असहकाराच्या चळवळीचे उघड विरोधक होते. तरीही रात्री साक्षीला गांधीजींच्या खाटेजवळ उभे राहिले ते हेच. त्या रात्रीचा वृत्तांतही त्यांनीच लिहून ठेवला.

१६/
गांधीजींनी निवेदन सांगितले आणि शास्त्रींनी ते लिहून घेतले. मॅडॉक आणि तुरुंगातील डॉक्टरांनी आपली उत्तम काळजी घेतली, मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे आणि शस्त्रक्रिया त्यांनीच करावी, असा त्याचा आशय होता. शास्त्रींनी ते वाचून दाखवले. गांधीजींनी गुडघे वर घेऊन कागद टेकवला आणि पेन्सिलीने सही केली. आपला हात किती थरथरतो आहे, हे त्यांनी स्वतःच मॅडॉकना दाखवले.

१७/
शस्त्रक्रिया रात्री झाली. बाहेर वादळी पाऊस होता. मध्येच वीज गेली. परिचारिकेच्या हातातील बॅटरीही विझली. शेवटी कंदिलाच्या उजेडात मॅडॉक यांनी काम पुरे केले. मुळशीच्या खोऱ्यात विजेसाठी धरण उभे राहत होते, त्याच काळात पुण्यातील सर्वांत मोठ्या रुग्णालयात ही स्थिती होती. त्यातून धरणाच्या बाजूने युक्तिवाद करता येईल, आणि तो अगदीच चुकीचा ठरणार नाही. विजेची गरज खरी होती. वाद तिची किंमत कोणी, आणि न विचारता का द्यावी, याचा होता.

१८/
मॅडॉक यांच्या शस्त्रक्रियेने रुग्ण वाचला. जखमेत पू झाल्याने बरे होण्यास वेळ लागला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने गांधीजींची उरलेली शिक्षा माफ करून त्यांना बिनशर्त सोडले. ससूनमधील ती शस्त्रक्रियेची खोली आजही स्मृती म्हणून जतन केलेली आहे.

१९/
गांधीजींच्या टीकाकारांनी बरोबर वर्मावर बोट ठेवले. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर ज्याने इतके कठोर लिहिले, त्याने स्वतःवर वेळ येताच शस्त्रक्रिया कशी करून घेतली? गांधीजींनी सारवासारव केली नाही. ही आपली दुर्बलता होती, देहाचा मोह सुटला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. वेदनेत पडलेला माणूस आपले मत बदलू शकतो, आणि संमतीच्या विचारात या बदलालाही जागा असावी लागते.

२०/
आता कलम ९० आठवा. कैद्याची संमती मोकळी असू शकते का? गांधीजी स्वतःच्या इच्छेने ससूनला गेलेले नव्हते. शिवाय त्या निवेदनाची गरज सरकारलाही होती. इंग्रज डॉक्टरच्या सुरीखाली गांधींचा मृत्यू झाला असता तर देशात काय उसळले असते, हे सांगायला नको. त्या कागदाने रुग्णाइतकेच मॅडॉकना आणि सरकारलाही संरक्षण दिले. माझ्या संमतीपत्रानेही माझ्याइतकेच रुग्णालयाला दिले असणार.

२१/
तरीही मला तो कागद पोकळ वाटत नाही. निदान सांगितले गेले, दुसरे डॉक्टर बोलावण्याची मुभा मिळाली, विरोधी मताचा साक्षीदार हजर होता आणि मजकूर वाचून दाखवूनच सही घेतली गेली. चांगल्या संमतीची बहुतेक अंगे त्या रात्री होती. खरा प्रश्न वेगळा आहे. हे सर्व गांधीजींना मिळाले, कारण ते गांधीजी होते. त्याच तुरुंगात फटके खाल्लेल्या मुळशीच्या कैद्याच्या वाट्याला डॉक्टरचा शेरा आला. त्या कैद्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत.

२२/
मुळशीचा सत्याग्रह १९२४ च्या अखेरीस मावळला. ९ डिसेंबरला सेनापती बापटांनी आगगाडी अडवली, त्यांना पुन्हा शिक्षा झाली आणि धरण पुरे झाले. पराभवाची कारणे लढ्याच्या आतही होती. नुकसानभरपाई घेऊन मोकळे व्हावे, असे काही जमीनदार आणि सावकारांना वाटत होते. 'लोकांची संमती' म्हणताना नेमक्या कोणत्या लोकांची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही सुटलेला नाही.

२३/
कायदा हळूहळू बदलला. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्णाला धोके आणि पर्याय समजावून न सांगता घेतलेली सही पुरेशी नाही, आणि एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. जमिनीच्या बाबतीत २०१३ चा नवा कायदा आला. खासगी कंपनीसाठी संपादन करायचे तर ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती त्याने आवश्यक केली. १८९४ पासून मोजले तर जमिनीच्या मालकाला विचारण्यापर्यंत यायला ११९ वर्षे लागली.

२४/
माझे संमतीपत्र दोन पानी होते. घाईत मी सही करणार, इतक्यात डॉक्टरांनी थांबवले, रक्तस्रावाचा भाग मोठ्याने वाचायला लावला आणि काही विचारायचे आहे का, असे विचारले. मी दोन प्रश्न विचारले. मग सही केली. घरी परतताना घसा ठणकत होता, बोलता येत नव्हते, आणि खिडकीतून मुळशीचे पाणी दिसत होते.

तुमच्या गावाच्या जमिनीचा असा एखादा कागद, नोटीस किंवा निवाडा घरात जपून ठेवलेला असेल, तर तो एकदा वाचा. खाली सही कोणाची आहे, ते मुद्दाम पाहा.

धागा समाप्त.