आष्ट्याभोवतीची चार राज्ये: सायकलच्या वाटेवरचा इतिहास

१/
सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा हे दोन नद्यांमधले गाव. एका अंगाला कृष्णा, दक्षिणेला वारणा आणि मध्ये उसाचे सपाट रान. गावातून सायकल काढली की साधारण तासाभरात कृष्णा तरी गाठता येते, नाहीतर वारणा. चढ नावापुरते, रस्त्याकडेला झाडे आणि हिवाळ्यातल्या सकाळी पाण्यावर तरंगणारे धुके. आज ही निवांत सहल वाटते. पाऊणशे वर्षांपूर्वी मात्र एवढ्याच परिघात चार वेगवेगळ्या सत्तांच्या हद्दी येत असत. हा धागा त्या हद्दींविषयी आहे.

२/
१९४० च्या सुमाराचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. आष्टा, वाळवा आणि इस्लामपूर ही गावे ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होती. पूर्वेला सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. उत्तरेला कृष्णेपलीकडचे कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होते. वारणेच्या दक्षिणेला करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थान. भाषा एक, पीकपाणी एक, सोयरीकही एकमेकांत. कायदा आणि कचेरी मात्र चार ठिकाणी.

३/
पहिली वाट दक्षिणेची. बागणी, शिगाव, दुधगाव ही या बाजूची गावे. वारणेचे पात्र कृष्णेच्या मानाने लहान. पण मराठ्यांच्या इतिहासात या नदीचे नाव एका तहामुळे कायमचे कोरले गेले. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि छत्रपतींच्या घराण्यात वारशाचा कलह पेटला. एका बाजूला शाहू, दुसऱ्या बाजूला महाराणी ताराबाई आणि पुढे राजारामपुत्र संभाजी. हा कलह दोन दशकांहून अधिक काळ चालला.

४/
१७३० मध्ये वारणेच्या परिसरात झालेल्या लढाईत संभाजींच्या पक्षाचा पराभव झाला. त्यानंतर १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा आणि वारणा-कृष्णा संगमापासून पुढे तुंगभद्रेपर्यंतचा दक्षिणेकडील मुलूख संभाजींकडे गेला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी अशी नदीच्या पात्रावर ठरली. जिंकणाऱ्या चुलतभावाने हरलेल्या चुलतभावाचे राज्य बुडवले नाही, त्याला एक हद्द आखून दिली. त्या काळच्या राजकारणात ही गोष्ट सहज घडणारी नव्हती.

५/
पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले. त्यांचे दत्तकविधान डलहौसीने मान्य केले नाही आणि राज्य खालसा झाले. आष्ट्याचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. वारणेपलीकडे कोल्हापूरची गादी टिकली. भावाभावांत ठरलेली सीमा आता इंग्रजी अंमल आणि संस्थान यांच्यातली सीमा झाली. पाणी तेच राहिले, दोन्ही काठांचे मालक तेवढे बदलले.

६/
दुसरी वाट उत्तरेची. वाळव्याच्या बाजूने कृष्णा ओलांडली की पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल. सायकलस्वाराने या वाटेवर एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. ज्यांच्या नावाने किर्लोस्करवाडी वसली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ सायकलच्या दुकानातून झाला. १८८८ मध्ये बेळगावात भावाच्या साथीने त्यांनी हे दुकान थाटले. तेव्हा सायकल परदेशातून येई आणि ती सधन माणसाच्या हौसेची वस्तू होती.

७/
पुढे किर्लोस्कर शेतीच्या अवजारांकडे वळले: कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ त्यांना दिला. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. ब्रिटिश हद्दीत जागा गमावलेला उद्योजक संस्थानी हद्दीत रुजला. हद्द नेहमी अडवतेच असे नाही; कधी ती आसराही देते.

८/
या आसऱ्याचा राजकीय अर्थ १९४२ नंतर कळला. त्याआधी, १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने औंधात ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना लागू झाली होती आणि राजाने आपले अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपवले होते. ब्रिटिश सातारा जिल्ह्यात धरपकड सुरू असताना कृष्णेपलीकडे असे सहानुभूतीचे संस्थान असणे ही भूमिगतांसाठी मोठी गोष्ट होती. शिवाय हद्द ओलांडली की जिल्ह्याच्या पोलिसांचा थेट अधिकार संपून दुसऱ्या दरबाराचा सुरू होई.

९/
१० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला. आष्ट्याहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हेच इस्लामपूर. पोलिसांच्या गोळीबारात दोघे हुतात्मा झाले: कामेरीचे विष्णू बारपटे आणि किर्लोस्कर कारखान्यातील अभियंता उमाशंकर पंड्या. एक शेतकऱ्यांच्या गावचा, दुसरा यंत्रशाळेतला. नकाशावर हे दोघे वेगवेगळ्या अमलांखाली येत होते. कचेरीसमोर ते एकाच जमावात उभे होते.

१०/
यानंतर उभे राहिले ते प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. १९४३ ते १९४६ या काळात त्याने गावोगावी न्यायमंडळे चालवली, सावकारांना आणि दरोडेखोरांना वचक बसवला, कमी खर्चाची लग्ने लावली. त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे येडेमच्छिंद्रचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वे अडवून कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली. नेत्यांची ही गावे नकाशावर जोडली तर आज आष्ट्याच्या सायकलस्वाराची एका दिवसाची फेरी तयार होते.

११/
या फेरीत कृष्णेच्या पात्रातले बहे अवश्य घ्यावे. नदीतल्या बेटावर रामलिंगाचे देऊळ आहे, आणि समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. वाळव्यात सहकारी साखर कारखान्याच्या पाटीवर हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिसते. प्रतिसरकारच्या लढ्यात १९४५ मध्ये त्यांना वीरमरण आले. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या याच नावाच्या फाटकातून आत जातात. अशा दिवसांत अरुंद रस्त्यावर सायकलस्वाराने कडेनेच चालावे हे बरे.

१२/
तिसरी वाट पूर्वेची: तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी आणि कृष्णेवरचा आयर्विन पूल. सांगली संस्थानाने बांधलेला हा पूल १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. पूल झाला तरी हद्द उरलीच होती. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंग फोडून बाहेर पडले. ऐन पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचा बळी गेला. वसंतदादांच्या खांद्यात गोळी लागली. आज पुलाच्या कठड्याशी सायकल टेकवून जे पात्र शांतपणे न्याहाळता येते, ते त्या दिवशी सुटका आणि मृत्यू यांच्यामध्ये पसरले होते.

१३/
स्वातंत्र्यानंतर नकाशा झपाट्याने बदलला. ८ मार्च १९४८ रोजी सांगली, औंध आणि इतर दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. त्याच सुमारास सायकलही देशी झाली: १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियान्यात हिरो. बेळगावच्या दुकानातली हौसेची वस्तू दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या, शेतमजुराच्या हाती आली. हद्दी पुसल्या गेल्या आणि त्या ओलांडणारे वाहन सामान्यांच्या ऐपतीत आले, या दोन गोष्टी जवळपास एकाच दशकात घडल्या.

१४/
नद्यांनी मात्र आपला हक्क पूर्ण सोडलेला नाही. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत पूल आणि रस्ते बंद झाले, गावे पुन्हा एकमेकांपासून तुटली. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णा-येरळा संगमावरच्या ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. सुंदर दिसणाऱ्या काठावर उभे राहताना ही आठवण जवळ असावी.

१५/
त्या चार सत्तांच्या सीमांपैकी कृष्णेवरच्या सीमा आज शोधूनही सापडत नाहीत. वाळव्याहून कुंडलला किंवा आष्ट्याहून सांगलीला जाताना आपण कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात आलो, हे सांगणारा दगडही वाटेत भेटत नाही. वारणेची रेघ मात्र मोठ्या टप्प्यात जशीच्या तशी आहे. दुधगावहून पूल ओलांडून खोचीला पोहोचले की कोल्हापूर जिल्हा सुरू होतो. पावणेतीनशे वर्षांहून जुन्या तहाची ती रेघ सायकलस्वार दोन मिनिटांत पार करतो, आणि त्याला कोणी अडवत नाही.