कोळशाच्या वाघिणी आणि बंदराचा लोहमार्ग

मुंबईतील जैन व्यापाऱ्यांचा इतिहास सांगताना मशीद बंदरच्या पेढ्या, नरसी नाथा स्ट्रीटवरील व्यवहार आणि खडक भागातील अनंतनाथ जिनालय यांचा उल्लेख आदराने केला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु या पेढ्यांपासून फार दूर नसलेल्या गोद्यांलगत अहोरात्र धूर सोडीत फिरणाऱ्या मालगाड्यांचे स्मरण सहसा कोणी करीत नाही.

प्रिन्सेस गोदी १८८० साली आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली खुली झाली. तरीही जहाजांतून उतरलेल्या मालाचा मोठा भाग जी. आय. पी. आणि बी. बी. सी. आय. या दोन रेल्वे कंपन्यांच्या मालधक्क्यांपर्यंत बैलगाड्यांनीच जात असे. ही अडचण दूर करण्यासाठी पोर्ट ट्रस्टने स्वतःचा लोहमार्ग बांधला. बॅलार्ड पिअर ते वडाळा हा मार्ग १ जानेवारी १९१५ रोजी सुरू झाला. वडाळ्याच्या यार्डात दोन्ही कंपन्यांच्या वाघिणींची बंदराच्या रेल्वेशी देवघेव होऊ लागली.

या गाड्यांना ना नाव होते, ना प्रवासी वेळापत्रकात जागा. झरियाच्या खाणींतून आलेली कोळशाची गाडी वडाळ्यास पोहोचली की लांब पल्ल्याचे इंजिन सुटून जाई आणि बंदराचे इंजिन पुढचे काम हाती घेई. प्रत्येक वाघिणीवरील चिठ्ठी पाहून गाडीचे तुकडे पाडायचे, सांधेवाल्याने सांधा बदलायचा, एक तुकडा या साइडिंगवर, दुसरा त्या डेपोत. मग रिकाम्या वाघिणी गोळा करून परत. अंतर काही मैलांचेच, पण त्यात तासन् तास जात. ठरलेल्या मुदतीत वाघीण रिकामी झाली नाही तर व्यापाऱ्याला डॅमरेज भरावे लागे. त्यामुळे यार्डातील संथ हालचालींचा हिशेब अखेर पेढीच्या चोपडीतच उतरत असे.

अशा कामाला वेग नव्हे, ताकद लागते. १९२२ साली मँचेस्टरजवळील नॅस्मिथ विल्सनच्या कारखान्यात पोर्ट ट्रस्टसाठी दहा चालकचाकांची टँक इंजिने बांधली गेली. पाणी आणि कोळसा इंजिनावरच असल्याने मागे टेंडर नसे, व दोन्ही दिशांना ते सारख्याच सोयीने चाले. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांशी मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा होती, त्याच परिसरातील इंजिने मुंबईचा माल ओढू लागली, हा योगायोग गमतीचा खरा!

मात्र कोळशाच्या बाबतीत हा मार्ग जन्मताच एका वळणावर उभा होता. तो सुरू झाला त्याच वर्षी, १९१५ साली, टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि बॉयलरची भूक हळूहळू ओसरू लागली. पुढे महायुद्धात जहाजांची टंचाई झाली, तेव्हा समुद्रमार्गे येणारा बंगालचा कोळसा रेल्वेकडे वळला, आणि यार्डांवरचा ताण वाढला. जहाजे, रेल्वे इंजिने आणि लालबागचे गॅसघर यांना तर कोळशावाचून गत्यंतरच नव्हते.

लोहमार्गामुळे बैलांच्या मानेवरचे ओझे काहीसे उतरले. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाने ही गोष्ट समाधानाने नोंदवावी. माणसाच्या डोक्यावरचे ओझे मात्र तसेच राहिले. वाघिणीतला कोळसा फावड्याने पाटीत आणि पाटी डोक्यावर, हाच क्रम चाले. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली माणसे ते काम करीत. डॅमरेजचे तास वाचले ते त्यांच्याच घाईमुळे. पण चोपडीत त्याची नोंद केवळ हमालीचा एक आकडा म्हणून राहिली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली. प्रवाशांच्या मागचा धूर सुटला. शेजारच्या रुळांवर, रे रोडपासून शिवडीपर्यंत, दहा चालकचाकांची इंजिने कोळसा ओढीतच होती.