दानाची गोधडी शिवताय? कापड निवडण्यापासून पोचवण्यापर्यंतची सविस्तर माहिती

हिवाळा लागला की तालुक्यातालुक्यांत ब्लँकेटवाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. बचत गट, शाळा किंवा तरुण मंडळांसाठी गोधडी हा त्याला चांगला पर्याय आहे. जुनं कापड घराघरांत पडून असतं, शिवणारे हात गावातच असतात आणि नीट शिवलेली सुती गोधडी बरीच वर्षं टिकते.

अडचण असते ती कापडाच्या निवडीत. घरच्यांसाठी गोधडी शिवताना बाई लुगडं पारखून घेते, पण दानाची गोधडी म्हटलं की उरलंसुरलं कापड आत ढकललं जातं. ऊसतोडीच्या कोपीत किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या गोधडीच्या बाबतीत हे महागात पडतं. तिथल्या कुटुंबाकडे बदलायला दुसरं पांघरूण नसेल, तर गोधडी फाटली, वाळली नाही किंवा चुलीच्या ठिणगीनं वितळली की रात्र थंडीतच काढावी लागते. निफाड परिसरात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५ अंशांच्याही खाली गेलेलं आहे. म्हणून दानाची गोधडी घरच्या गोधडीपेक्षा जास्त काळजीनं शिवावी लागते.

गोधडी, वाकळ आणि घोंगडी

कोल्हापूर, सांगली, सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. नाव वेगळं असलं तरी काम तेच: जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक घालून ते धावदोऱ्यानं एकत्र शिवायचे. घोंगडी मात्र वेगळी, ती मेंढीच्या लोकरीची आणि मागावर विणलेली असते.

अशी शिवण देशभर आहे. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंध आणि राजस्थानात रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. संत गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असायची, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

गोधडी ऊब देते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. टाके त्या थरांना जागेवर धरून ठेवतात. टाके फार विरळ झाले तर धुताना थर सरकून गोळा होतात. फार दाट झाले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी चपटी होते आणि ऊब कमी होते.

कापड कसं निवडायचं

पहिला नियम सुती कापडाचा. धोतर, पंचा, सुती लुगडं, जुन्या चादरी, सुती शर्ट हे सगळं चालतं. सिंथेटिक साडी दिसायला चकचकीत आणि टिकाऊ असते, पण घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि विस्तव लागला तर वितळून कातडीला चिकटते. कोपीत चूल झोपण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर असते, हे विसरू नये.

कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर चार धागे काढून चिमट्यात धरावेत आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवून बघावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि शेवटी कडक मणी राहतो.

दुसरी परीक्षा ताकदीची. कापड उजेडाकडे धरून दोन्ही अंगठ्यांनी ताणावं. धागे हलले पण टिकले तर ते आतल्या थराला घ्यावं. चर्रकन फाटलं तर ते बाजूला टाकावं, कारण असं कापड टाका धरत नाही आणि आतल्या आत त्याचा चोथा होतो. सगळ्यात मजबूत कापड खाली आणि वर, म्हणजे जमिनीला आणि अंगाला लागणाऱ्या बाजूंना वापरावं. त्यासाठी मांजरपाट आणला तर तो आधी धुऊन घ्यावा. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो आणि तयार गोधडीला सुरकुत्या पडतात.

गडद रंगाचं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघावं. रंग जात असेल तर ते वेगळं ठेवावं.

मापाचा हिशोब

नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, साधारण २७ फूट लांब. पन्हा सुमारे ४५ इंच. त्याचे साडेसहा फुटांचे चार तुकडे निघतात, म्हणजे चार थर झाले. साडेपाच मीटरच्या सहावारीतून तसेच दोन तुकडे निघतात. एक नऊवारी आणि एक सहावारी मिळून एका माणसाची सहा थरांची गोधडी होते. शिवताना गोधडी आवळते, म्हणून तयार माप ६ फूट हवं असेल तर कापताना अर्धा फूट जास्त धरावा.

दोऱ्याचा हिशोब कमी पडतो तो इथेच. ६ फूट बाय ४५ इंच गोधडीवर दोन ओळींत एक इंच, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीइतकं अंतर ठेवलं, तर सगळ्या ओळींची लांबी मिळून ९० वार होते. दहा नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरली तर जेवढी लांबी होईल तेवढी. दुपदरी दोरा घेतला तर एका गोधडीला किमान २०० वार दोरा लागतो. इंचाला दोन टाके धरले तर साडेसहा हजारांच्या आसपास टाके होतात.

थर मांडणं आणि शिवणं

गोधडी जमिनीवरच शिवायची. सारवलेली किंवा फरशीची सपाट जागा झाडून घ्यावी आणि खालचा थर पसरून चारही कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा किंवा विटा ठेवाव्यात. एकेक थर हातानं मधून कडेकडे सपाट करत घालावा. जोड किंवा काठ एकावर एक येऊ देऊ नयेत, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि सुई जात नाही.

मग कच्चे टाके. ते मधून सुरू करून कडेपर्यंत न्यावेत, वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे. बऱ्याच जणी हे काम टाळतात आणि त्याचा त्रास शेवटी होतो. पक्की शिवण पारंपरिक पद्धतीनं कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मध्याकडे जाते. आधी कच्चे टाके नसतील तर सैल कापड ढकललं जाऊन मधोमध फुगवटा येतो.

पक्क्या शिवणीसाठी जाड सुती दोरा दुपदरी घ्यावा आणि हातभरापेक्षा लांब ओढू नये, गुंता होतो. दोऱ्याला मेण लावलं तर तो सहज सरकतो. गाठ थरांच्या आत लपवावी. सुई आरपार गेली की नाही हे दर वीतभरानंतर गोधडी उलटून बघावं. सहा थरांत वरचेच तीन पकडले जाणं ही नवशिक्यांकडून नेहमी होणारी चूक आहे. शिवणारीनं गोधडीवरच बसलं की वजनानं थर हलत नाहीत.

कडेला दोन-तीन बोटं रुंदीचा गोट लावावा. गोधडी आधी फाटते ती कडेला आणि कोपऱ्यांना, म्हणून कोपऱ्यांवर जादा तुकडा बसवावा. रंगीत तुकड्यांची नक्षी करायची असेल तर वरच्या थरावर करावी. टिकल्या, बटणं, जर आणि आरसे लावू नयेत.

गटाची शिवणाची जागा

एकट्या बाईला ओसरी पुरते. आठ-दहा जणींचा गट असेल तर समाजमंदिर किंवा शाळेची रिकामी खोली लागते. तिथे कामाचे चार भाग करावेत: आलेलं कापड, धुतलेलं कापड, कापून मापात लावलेले थर आणि तयार गोधड्या. आलेलं कापड धुतलेल्या कापडाशेजारी ठेवू नये. कापलेल्या थरांचा एकेका गोधडीचा गठ्ठा बांधून त्यावर माप लिहिलेली चिठ्ठी लावावी, म्हणजे कोणीही आली तरी काम पुढे चालू होतं.

सुया मोजून द्याव्यात आणि संध्याकाळी मोजून घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत त्या दिवशीची गोधडी बाहेर देऊ नये. जुन्या स्पीकरमधलं चुंबक गोधडीवरून फिरवलं तर हरवलेली सुई सापडते.

साठवण कोरडी हवी. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. बाळांच्या दुपट्यांजवळ डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नयेत. काही बाळांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते. अशा तान्ह्या बाळांत नॅफ्थलिनमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते.

कोणासाठी कोणती गोधडी

ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. तिथे दहा थरांची जाडजूड गोधडी कामाची नाही. ओली झाली की ती एका दिवसात वाळत नाही आणि मुक्काम हलवताना गाडीत जागा खाते. त्याऐवजी चार-पाच थरांच्या दोन गोधड्या द्याव्यात. एक अंथरायला, एक पांघरायला होते आणि जास्त थंडीत दोन्ही एकावर एक घेता येतात. रंग मळखाऊ असावा.

वसतिगृहासाठी माप आधी विचारावं. खाट असेल तर गोधडी रुंदीला जास्त लोंबायला नको. सगळ्यांच्या गोधड्या सारख्या असल्या तर मुलांत अदलाबदल होते, म्हणून कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा तुकडा किंवा दोऱ्यानं नंबर घालावा.

ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींसाठी द्यायचं असेल तर तीन फूट बाय तीन फूट, दोन-तीन थरांचं मऊ दुपटं शिवावं आणि ते उकळत्या पाण्यात घालता येईल असं असावं. देण्याआधी तिथल्या परिचारिकांना विचारून घ्यावं. वर्षाखालचं बाळ झोपलेलं असताना त्याच्या अंगावर जड किंवा सैल पांघरूण टाकू नये, ते तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. दुपटं देताना ही गोष्ट आईला आणि आजीला तोंडी सांगावी.

वयस्कर माणसांना हलकी गोधडी बरी. अंगावरचं ओझं रात्री एकट्यानं बाजूला करता आलं पाहिजे.

स्वच्छता

गोळा केलेलं प्रत्येक कापड आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावं, देणारं घर कितीही ओळखीचं असलं तरी. दाटीनं राहणाऱ्या वस्तीत खरूज पसरायला अंथरूण-पांघरूणही कारण ठरतं. धुणं लगेच शक्य नसेल तर कापड प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवावं. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर काही दिवसच जगतो. तयार गोधडीलाही शेवटी एक दिवस दोन्ही बाजूंनी ऊन दाखवावं.

मजुरीचा प्रश्न

कापड फुकट मिळालं म्हणून गोधडी फुकट होत नाही. दोरा, मांजरपाट आणि वाहतुकीला पैसे लागतात. साडेसहा हजार टाके घालणारी बाई पुष्कळदा स्वतःच रोजंदारीवर जाणारी असते. स्वखुशीनं वेळ देणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण शिवून घेतलेल्या कामाचे पैसे दिलेच पाहिजेत. पहिल्या दोन-तीन गोधड्यांना किती तास लागले ते वहीत लिहावं आणि गावातल्या शेतमजुरीच्या रोजाशी ताडून दर ठरवावा. देणगी मागताना कापडाबरोबर एका गोधडीची मजुरीही मागावी. देणगीदाराला हिशोब दाखवला तर तो सहसा नाही म्हणत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

घटस्थापनेआधी घरोघरी अंथरूण-पांघरूण धुतलं जातं आणि जुनं कापड बाहेर निघतं. गोळा करायला हीच वेळ चांगली. त्यातल्या थोड्या कापडाच्या गोधड्या दिवाळीपर्यंत होतील, पण मोठं काम उन्हाळ्यासाठी ठेवावं. तेव्हा शेतातलं काम कमी असतं, ऊन भरपूर असतं आणि दिवस मोठा असतो. उन्हाळ्यात शिवलेल्या गोधड्या पुढच्या हंगामात, कुटुंबं गाव सोडण्याआधी हातात पडतात. डिसेंबरात घाईनं गोळा करून जानेवारीत वाटलेल्या गोधडीनं निम्मी थंडी हुकते.

वाटपाआधी कुटुंबात माणसं किती, लहान मुलं किती, आधीचं काय आहे, हे विचारून यादी करावी. फोटोसाठी माणसांना रांगेत उभं करण्यापेक्षा संध्याकाळी कोपीवर जाऊन देणं त्यांना सोयीचं पडतं.

प्रत्येक गोधडीबरोबर एक सुई, दोऱ्याची गुंडी आणि त्याच कापडाचे चार-पाच तुकडे द्यावेत. भोक पडल्या पडल्या ठिगळ लावलं तर गोधडी आणखी काही हिवाळे निघते. पुढे ती अगदीच विरली तरी नव्या गोधडीचा आतला थर होतो. हंगाम संपून माणसं परतली की पाच-सहा घरी जाऊन गोधडी कुठे फाटली, वाळायला किती वेळ लागला, जड झाली का, हे विचारावं आणि त्याच वहीत लिहावं. पुढच्या वर्षीचं कापड कापताना ही वही सोबत असावी.