वकिलातीचा खर्च

राज्याच्या जमाखर्चात वकिलाचा खर्च कोणत्या सदराखाली मांडावा? तोफखाना, आरमार, किल्ल्यांची डागडुजी ही संरक्षणाची सदरे सर्वांना समजतात. परदरबारी बसलेल्या माणसाचे घरभाडे, त्याच्या मेजवान्या, त्याच्या कारकुनाचा पगार ही मात्र चैनीची बाब वाटते आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तेथेच लागते. २०२५ च्या जुलैत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एकाच दिवशी १,३०० हून अधिक कर्मचाऱ्यांना निरोप दिला, तेव्हा हा जुनाच प्रश्न पुन्हा चर्चेस आला. गंमत अशी, की तो देश उभा राहिला तोच मुळी आपल्या वकिलांनी केलेल्या उसनवारीवर. ती हकीकत आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत.

१७७६ च्या जुलैत तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. जाहीरनाम्याला शाई पुरते. लढाईला बंदुकीची दारू लागते, आणि ती बहुतेक बाहेरून आणावी लागे. त्यांच्या काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. तिच्या कागदी नोटांची किंमत दिवसेंदिवस उतरत होती. समोर होते जगातील सर्वांत बलाढ्य आरमार. अशा वेळी आशेला जागा एकच होती, ती म्हणजे फ्रान्स. १७६३ च्या तहाने कॅनडा गेला, हिंदुस्थानातील बस्तान मोडले, तो अपमान फ्रेंच दरबार विसरला नव्हता. इंग्रजांचे वाईट व्हावे यापलीकडे त्या दरबाराला अमेरिकेविषयी फारसे प्रेम असण्याचे कारण नव्हते. परंतु राजकारणात एवढी भूकही पुष्कळ असते. ती ओळखणारा माणूस तेवढा तेथे बसावा लागतो.

तो माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. वय सत्तर. निघण्यापूर्वी पदरचे काही हजार पौंड त्यांनी काँग्रेसला कर्जाऊ दिले. वकिलातीच्या खर्चाला रोकड नव्हती, म्हणून त्यांच्याच जहाजात विकण्यासाठी निळीची पिंपे भरली. वाटेत इंग्रजांच्या हाती सापडते तर राजद्रोहाचा आरोप ठेवलेलाच होता. १७७६ च्या डिसेंबरात ते फ्रान्सला पोहोचले आणि पॅरिसजवळ पासी येथे शोमाँ नावाच्या धनिकाच्या वाड्यात उतरले. भाडे घेण्याची घाई त्या गृहस्थाने केली नाही.

फ्रेंच मदत त्याआधीच गुपचूप सुरू झाली होती. मंत्री व्हर्जेन याच्या सल्ल्याने सोळाव्या लुईने मे १७७६ मध्ये दहा लाख लिव्र मंजूर केले. स्पेननेही तितकेच दिले. पैसा सरकारी दिसू नये म्हणून बोमार्शे या नाटककाराने एक व्यापारी पेढी काढली. पेढी लटकी, पण तोफा खऱ्या! १७७७ च्या ऑक्टोबरात साराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला, आणि ६ फेब्रुवारी १७७८ रोजी फ्रान्सने उघड तह केला.

इंग्रजांनीही पैसा खर्चिलाच. फ्रँकलिनच्या कचेरीत विश्वासाने वावरणारा एडवर्ड बँक्रॉफ्ट हा त्यांचा पगारी हेर होता. दर मंगळवारी रात्री तुइलरीच्या बागेत एका झाडापाशी बाटलीत पत्र ठेवावयाचे, वर प्रेमपत्राचा मजकूर, ओळींच्या मध्ये गुप्त शाई. पुढे त्याचा पगार सालाना हजार पौंडांवर गेला. त्याच्या बातम्या बहुधा खऱ्या असत. परंतु तिसऱ्या जॉर्जला त्याचा भरवसा वाटेना, कारण हा गृहस्थ शेअरबाजारात सट्टा खेळे. बातमी विकत घेता येते. ती मानण्याची बुद्धी कोठल्या पेढीवर मिळावी? बँक्रॉफ्टचे हे दुहेरी जिणे जगापुढे आले १८८९ साली, तो मरून अडुसष्ट वर्षे झाल्यावर.

आता हुंड्यांची गोष्ट. आमच्या मते सर्व प्रकरणाचे मर्म येथेच आहे. काँग्रेसची तिजोरी रिकामी पडली की ती युरोपातील आपल्या वकिलांवर हुंड्या लिही. वकिलाजवळ पैसा आहे की नाही, याची चौकशी मागाहून! जॉन जे स्पेनच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीच त्यांच्या नावे लाख पौंडांच्या हुंड्या लिहावयाचे ठरून गेले होते. स्पेनने त्यांना वकील म्हणून रीतसर मान्यता दिली नाही, कर्ज दिले तेही चिमटीने, आणि १७८२ च्या मार्चमध्ये हुंड्या न सकारता परत गेल्या. तशाच हुंड्या हेन्री लॉरेन्स यांच्या नावे लिहिल्या होत्या. ते हॉलंडला निघाले आणि १७८० साली समुद्रातच पकडले जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये पडले. हुंड्या मात्र कैद होत नसतात. त्या येतच राहिल्या. मग सर्व भार पासीच्या म्हाताऱ्यावर. फ्रँकलिन व्हर्जेनच्या दारी जात, पुन्हा जात, आणि वाटे आता नकार मिळणार तेव्हा काहीतरी घेऊन येत. १७८१ च्या मार्चमध्ये साठ लाख लिव्र त्यांना देणगी म्हणून मिळाले. घरून निघताना त्यांना पुरेसे बळ दिले असते तर हे वारंवार पदर पसरणे टळते, असे कोणी म्हणेल. परंतु घरी द्यावयास होते काय? दरिद्री राज्याला वकिलात परवडत नाही हे खरे. पण त्याला तिच्यावाचून जगताही येत नाही. ज्याच्याजवळ स्वतःचे आरमार नाही, त्याला दुसऱ्याचे आरमार आपल्या कामी आणावयास माणूस लागतोच.

फ्रान्स आणि इंग्लंड यांची ही चुरस अटलांटिकपुरती नव्हती. १७७७ सालीच सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ चौलच्या किनाऱ्यावर उतरून पुण्यास आला. नाना फडणिसांनी त्याचे मोठ्या मानाने स्वागत केले. त्याच्यामागे ना पलटणी होत्या, ना गलबतांचा ताफा. तरी इंग्रज वकील मॉस्टिन याच्या पत्रांनी मुंबईकरांची झोप उडाली. धास्ती घालण्याचे काम एका पाहुण्याच्या सरबराईत झाले, यात नानांचे कसब दिसते. मात्र याच धास्तीने राघोबादादांचा पक्ष घेऊन पुण्यावर चालून येण्यास मुंबईकरांना निमित्तही मिळाले, हे विसरू नये. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फजिती झाली म्हणून डाव निभावला. १७८२ च्या सालबाईच्या तहात तर पेशव्यांनी पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपियनांना नव्या वखारी घालू देऊ नयेत, असे कलमच इंग्रजांनी घालून घेतले. सेंट ल्युबिन तोवर केव्हाच निरोप घेऊन गेला होता.

इकडे १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिस शरण आला. हाच पुढे टिपूवर चालून जाणारा कॉर्नवॉलिस. त्याची समुद्राकडील वाट फ्रेंच आरमाराने रोखून धरली होती, आणि जमिनीवर वॉशिंग्टनच्या खांद्याला खांदा लावून फ्रेंच पलटणी लढत होत्या. पासीच्या वाड्यातील खर्चाचे फळ म्हणतात ते हे. १७८३ च्या सप्टेंबरात पॅरिसला तह झाला.

देणाऱ्याचे मात्र दिवाळे निघाले. या युद्धात फ्रान्सचे शंभर कोटी लिव्रांहून अधिक खर्ची पडले, बहुतेक कर्ज काढून. त्या ओझ्याखाली खजिना वाकला आणि मे १७८९ मध्ये लुईला प्रजेच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली.

आणि वकिलांचे काय झाले? फ्रँकलिन १७८५ साली घरी परतले. आपला हिशेब तपासून चुकता करावा, अशी विनंती त्यांनी काँग्रेसला केली. १७९० च्या एप्रिलमध्ये ते वारले तोवर ती पुरी झाली नव्हती. त्यांचे सहकारी सायलस डीन यांच्यावर तर पैसे खाल्ल्याचा आळ आला. त्यांना परत बोलावले, हिशेबाचे कागद मागितले, आणि कागद फ्रान्समध्ये राहिलेले. बदनाम आणि कंगाल होऊन ते १७८९ साली जहाजावर वारले. १८४२ साली काँग्रेसने त्यांचे हिशेब पुन्हा तपासले, पूर्वीची तपासणी चुकीची ठरविली, आणि वारसांच्या हाती ३७,००० डॉलर ठेवले.