अळू

अळू : अरेसी कुलातील, म्हणजे सुरणाच्या नात्यातील, बहुवर्षायू ओषधी. शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेंटा. पाने, देठ आणि जमिनीतील कंद हे तिन्ही भाग शिजवून खातात. कच्चा खाण्याजोगा एकही नाही. कंदांना अळकुड्या म्हणतात, बाजारात अरवी हा हिंदी शब्दही रुळला आहे. कोकण-गोव्यात पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या रानटी अळवाला तेरें किंवा तेरा म्हणतात. प्रशांत महासागरातील बेटांवर आणि पश्चिम आफ्रिकेत याचा कंद हे पोटभरीचे अन्न असल्याने जगाच्या शेतीवाङ्मयात अळू कंदपीक म्हणूनच गणले जाते. महाराष्ट्रात मात्र अळू म्हणजे पान. ही नोंदही पानाभोवतीच लिहिली आहे.

मूळस्थान दक्षिण व आग्नेय आशियातील दमट प्रदेश मानतात. न्यू गिनीतील कूक येथे सापडलेल्या दगडी हत्यारांवर अळवाच्या पिष्टाचे सुमारे 10,000 वर्षांपूर्वीचे कण मिळाले आहेत. ते लावलेल्या अळवाचे की रानातून खणून आणलेल्या, आणि लागवड एकाच ठिकाणी सुरू झाली की अनेक ठिकाणी, याबद्दल मतभेद आहेत.

वर्णन : खोड जमिनीतच राहते, वर दिसतात ते लांब देठ आणि त्यांवर खाली झुकलेली हृदयाकृती पाने. देठ पानाच्या खाचेत जोडलेला नसून पाठीवर, कडेपासून थोडा आत जोडलेला असतो. ओळख पटवताना ही खूण पहिली पाहावी. पानाच्या वरच्या बाजूस अतिसूक्ष्म उंचवटे व त्यांवर मेणाचा थर असल्याने पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. फुलोरा क्वचित येतो. पुष्कळ वाण त्रिगुणित असल्यामुळे बी धरत नाहीत, म्हणून लागवड कंदांनीच होते.

भाजीवाल्यांच्या भाषेत दोनच जाती : जांभळट-काळ्या देठाचा वडीचा अळू आणि फिकट हिरव्या देठाचा भाजीचा. वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरण मोठ्या एका कंदाचा प्रकार आणि अनेक लहान कंदांचा प्रकार असे आहे. ते बाजारातल्या भेदाशी जुळत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पानांसाठी ‘कोकण हरितपर्णी’ हा वाण दिला आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे (स्थापना 1963) काम मुख्यतः कंदाच्या वाणांवर आहे.

लागवड : पाणी, सावली आणि शेणखत मिळाले की अळू फार काही मागत नाही. कोकणात तो मोरीच्या पाण्यावर, विहिरीच्या थारोळ्याशी, पोफळीच्या बागेतील पाटाच्या कडेने लावतात. कंदासाठी लावायचा तर 25 ते 35 ग्रॅम वजनाच्या निरोगी अळकुड्या 60 × 45 सेंमी अंतरावर मृगाच्या सुमारास पुरतात. पानांसाठी अंतर कमी चालते. सहा-आठ आठवड्यांत पाने तोडणीस येतात. पाणी मिळत राहिले तर वर्षभर पाने मिळतात, नाहीतर पाऊस गेल्यावर झाड वाळते आणि जमिनीतला कंद पुढच्या पावसाची वाट पाहतो.

मोरीच्या पाण्याची रीत घरचे पाणी साधे होते तेव्हाची. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला आणि नाल्यांच्या काठी वाढवलेल्या अळवाला सांडपाणी मिळते, त्यातून शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू पानात उतरू शकतात. जंतू शिजवल्याने मरतात, धातू जात नाहीत. पाणी कोणते आहे हे ठाऊक असलेल्या जागेचाच अळू घ्यावा.

सर्वांत मोठा रोग पानांचा करपा. फायटोफ्थोरा कोलोकेशी हा त्याचा कारक रासिबॉर्स्की यांनी 1900 मध्ये जावा बेटावरून नोंदवला. पानावर वलये असलेले तपकिरी डाग पडतात, त्यांतून पिवळसर थेंब पाझरतात आणि आठवडाभरात पान गळून पडते. सामोआत 1993 मध्ये हा रोग शिरला आणि तिथली निर्यात जवळजवळ थांबली. पानासाठी लावलेल्या अळवात एकच डाग माल विकायला बाद करतो. डाग दिसताच पान कापून शेताबाहेर नष्ट करणे, दाटी न करणे आणि रोगट वाफ्यातले बेणे पुन्हा न वापरणे, हे उपाय घरच्या परसातही करता येतात. औषध फवारलेच तर तोडणीपूर्वी सोडायचे दिवस पाळावेत.

तोडणी : बाहेरची पाने आधी, बुडाशी कोयत्याने कापावीत, मधली दोन-तीन ठेवावीत. वडीसाठी पूर्ण उघडलेले पण न जरठलेले पान हवे, कारण जून पानाच्या शिरा शिजूनही घशात लागतात. न उमललेल्या पानाची सुरळी कोकण-गोव्यात गाठ मारून आमटीत घालतात. तोडताना निघणाऱ्या चिकाचे कपड्यावरचे तपकिरी डाग जात नाहीत. चीक हाताला खाजतो म्हणून चिरण्याआधी हाताला खोबरेल तेल लावतात, नंतर चिंच किंवा आमसूल चोळतात. ओल्या हातांनी चिरू नये, हा घरोघरचा नियम.

खाज : अळवाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचे जुडगे असतात. पान चावले किंवा चिरले की या सुया पेशींतून बाहेर पडून जिभेत, ओठांत, घशात रुततात. केवळ टोचल्याने एवढी आग होत नाही. ब्रॅडबरी व निक्सन यांनी 1998 मध्ये सुयांवर प्रथिन पचवणारे विकर असावे असे मांडले. ते धुऊन काढलेल्या सुया फारशा खाजत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून शिजवण्याचा वेळ महत्त्वाचा. सुया उकळत्या पाण्यात विरघळत नाहीत, पण त्यांच्यावरचे प्रथिन उष्णतेने निकामी होते. अर्धवट वाफवलेली वडी खाजते ती यामुळे. वडीचा उंडा, म्हणजे पानांची गुंडाळी, जाड असेल तर वाफ मधल्या थरापर्यंत पोचायला हवी. सुरी घालून ती कोरडी निघते का, हे पाहतात.

चिंच, आमसूल, ताक, चुका असे काहीतरी आंबट घालण्याची रीत सार्वत्रिक आहे. मात्र या आंबटातले सौम्य आम्ल कॅल्शियम ऑक्झलेट विरघळवू शकत नाही. आम्लाने विकर बिघडते, असे एक स्पष्टीकरण आहे. लाळ सुटून सुया धुतल्या जातात, असे दुसरे. दोन्ही पूर्ण सिद्ध नाहीत. अनुभव मात्र भक्कम आहे आणि आंबटाशिवाय अळू करू नये.

ऑक्झलेटचा दुसरा, पाण्यात विरघळणारा भाग खाजत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. तो आतड्यातून शोषला जातो आणि मूतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांना त्रासदायक ठरतो. अळू उकळून पाणी टाकले तर तो बराच कमी होतो, पण आपल्या पद्धती पाणी टाकत नाहीत : वडी वाफवतात, फदफदे म्हणजे अळवाची पातळ भाजी शिजल्या पाण्यातच घोटतात. दुधातील कॅल्शियम या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते, आणि दुधासह शिजवलेल्या अळूच्या पानांच्या अभ्यासांत हा परिणाम दिसला आहे. त्यामुळे अळूच्या भाजीत ताक घालण्याची किंवा जेवणात शेवटी दहीभात घेण्याची चाल शास्त्रालाही धरून आहे. आंबट निवडताना तारतम्य हवे. आंबट चुका हा पॉलिगोनेसी कुलातील.   चुक्यात विद्राव्य ऑक्झलेट भरपूर असते. मूतखडा झालेल्यांनी अळवात चुक्याऐवजी चिंच किंवा आमसूल वापरावे. बिंबल्या या आंबट फळांबाबतही हेच. त्यांचा रस अतिप्रमाणात प्यायल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची केरळातील प्रकरणे 2013 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

खाज सुटल्यास दही किंवा गार दूध घ्यावे. जीभ-घसा सुजून गिळणे वा श्वास कठीण झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. ओकारी काढवू नये. शोभेची कॅलेडियम व डिफेनबाकिया अळवाच्याच कुलातील आहेत, कॅलेडियम तर अळवासारखेच दिसते. ती खाण्याची नाहीत, आणि लहान मुले असलेल्या घरांत हे मुद्दाम सांगावे लागते. अळवासारख्याच दिसणाऱ्या अलोकेशियाचे पान अनेकदा टोकाने वर उभे राहते, अळवाचे झुकते. देठ पानाच्या खाचेतच जोडलेला असेल तर ते पान अळवाचे नव्हे. शंका आली की पान टाकावे.

उपयोग : फदफद्यात चण्याची डाळ, शेंगदाणे, मुळा, खोबऱ्याचे काप, डाळीचे पीठ, चिंच, गूळ घालतात. ब्राह्मणी लग्नाच्या पंगतीत ही भाजी ठरलेली असे. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू असतोच. वडीला गुजरातेत पात्रा, किनारी कर्नाटकात पत्रोडे म्हणतात. परदेशातील मराठी कुटुंबांना डबाबंद पात्रा भारतीय दुकानांत मिळतो. अळकुड्या उकडून, सोलून तळतात किंवा रस्सा करतात.

औषधी : पारंपरिक उपयोग अनेक सांगितले जातात.

साठवण : पाने ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी दोन-तीन दिवस टिकतात, धुऊन ठेवू नयेत, सडतात. वाफवलेले उंडे शीतपेटीत तीन-चार दिवस, बर्फाच्या कप्प्यात कित्येक आठवडे राहतात आणि ऐनवेळी कापून तळता येतात. अळकुड्या माती झटकून, न धुता, हवेशीर सावलीत पसराव्यात. दुखावलेल्या आधी संपवाव्यात. बेण्याच्या अळकुड्या कोरड्या वाळूत मृगापर्यंत ठेवतात, किंवा जागच्या जागी पालापाचोळ्याखाली तशाच राहू देतात.