जरीची मागची बाजू

नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा इतिहास म्हटला की आपण किल्ल्यावर येतो, फराहबागेत जातो, चांदबिबीची लढाई सांगतो. कपड्यांबद्दल सहसा कोणी बोलत नाही. साहजिकच आहे. दगड उरला, कापड उरलं नाही. आज आपण त्या न उरलेल्या कापडाबद्दल बोलू.

निजामशाही १४९० ते १६३६ अशी जवळजवळ दीडशे वर्षं चालली. १५६५च्या सुमारास हुसेन निजामशहाच्या दरबारी आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. त्याचं सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. चित्रांतून दरबाराच्या थाटाची कल्पना येते. पण चित्रातल्या कपड्यावर सोनेरी रंग दिसला, तरी ते सोनं विणलेलं की सुईने भरलेलं, हे रंगावरून कळत नाही. मग आम्ही काही जणांनी ठरवलं, हाताने करूनच बघू. तांबड्या मखमलीवर तीन बोटांची एक कोयरी, बास.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कलाबतू सुईत ओवून नेहमीसारखे टाके घालायला गेलो, तर तिसऱ्या टाक्याला धातू सोलला गेला आणि आतलं पिवळं रेशीम उघडं पडलं. कारण कलाबतू हा साधा दोरा नव्हेच. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची तार छिद्रांतून ओढत ओढत केसासारखी बारीक करायची, ठोकून चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. हे ओढकाम करणारा तो तारकश. एवढ्या मेहनतीची वस्तू कापडातून आरपार खेचली की तुटणारच.

म्हणून जुन्या कारागिरांची रीत वेगळी. कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबावर, ताणून बांधायचं. कलाबतू कापडाच्या वर ठेवायची आणि मेण लावलेल्या बारीक रेशमी दोऱ्याने जागोजागी बांधून टाकायची. नक्षी उठावदार हवी तर खाली सुताची भर घालायची. कोयरी पुरी व्हायला आम्हाला चार रविवार लागले. उलटी करून पाहिली, तर मागे सोन्याचा कणही नाही, नुसते रेशमाचे टाके! सगळं सोनं डोळ्यांसमोर, पाठीमागे काही वाया नाही.

आता शेवगावच्या बाजूने गोदावरी ओलांडून पैठणला चला. पैठणीच्या पदरात जर विणली जाते, त्यामुळे ती दोन्ही अंगांना दिसते. म्हणजे विणलेली जर आणि भरलेली जर ओळखायची खूण मागच्या बाजूला आहे. चित्राला मागची बाजू नसते, म्हणून चित्र इथे मुकं होतं. साक्ष द्यायला कापडच लागतं.

आणि ते कापड गेलं कुठे? थोडं कसरीने खाल्लं, थोडं दमटपणाने गेलं. पण बरंच आपण स्वतः जाळलं. फारसीत ‘जर’ म्हणजे सोनं. आपल्या ‘भरजरी’मध्ये तोच शब्द आहे. सोनं म्हटलं की मोड आलीच. घरात अडचण आली की जुना शालू, जुनी पैठणी जर घेणाऱ्याकडे जायची. तो कापड जाळून राखेतून चांदी काढायचा. घराला चार पैसे मिळायचे, त्यात दोष कुणाला द्यायचा? पण चांदी वितळली की टाका कसा घातला होता, भर कशाची होती, हे कायमचं पुसलं जातं. तारेचं वजन करता येतं, कसबाचं करता येत नाही.

आज बाजारात मिळणारी जर बहुतेक तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते. त्यामुळे कुणाच्या ट्रंकेत खऱ्या जरीचा तुकडा असेल, फाटका का असेना, तर विकण्याआधी एवढं करा. उलटा करून पाहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तो कुणाचा, कुठल्या लग्नातला, हे आजीला विचारून कागदावर लिहा. विकायचाच असेल तर वीतभर तरी राखून ठेवा.

आमची कोयरी इथे टेबलावर ठेवली आहे. जरा वाकडीच झाली आहे. हातात घ्या, पण आधी मागची बाजू बघा.